गयेला गेलेले काका

आमच्या घराण्यात एक पुण्यवान माणूस होऊन गेला, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. ते म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. पंचविशीच्या आतच त्यांनी घरादाराचा मोह सोडला, पितरांचं श्राद्ध करायला ते कोकणातून गयेला गेले, सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तिथेच देह ठेवला. त्यामुळे गावात आमच्या घराला मोठा मान होता. लग्नकार्यात पहिला विडा आमच्याकडे यायचा. पितृपक्षात गावभर पिंडदानाची धांदल चालायची, आमच्याकडे मात्र रोजचा वरणभात. एकदा गयेत झालं की पुन्हा करायची गरज नाही, असं पणजोबांचं ठाम मत होतं, आणि पणजोबा गावचे जोशी असल्यामुळे त्यांचं मत खोडणार कोण?

हे सगळं मला आत्याआजीनं सांगितलं. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या, पणजोबांची मुलगी. गयेचे काका तिच्या जन्माआधीच गेले होते, तरी ती त्यांच्याबद्दल असं बोलायची की जणू परवाच ते तिच्यासमोर पडवीतून उठून गेले.

बाबा लखनऊला एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे आणि आई बँकेत होती. आम्ही इंदिरा नगरात राहत होतो. तेव्हा ती कॉलनी नवी होती, आणि जिथे रस्ता होणार असं नकाशात होतं तिथे म्हशी बसायच्या. सत्तरच्या दशकात आत्याआजी एकटी पडली तेव्हा बाबा तिला आणायला गेले. ती यायला तयार नव्हती. शेवटी बाबांनी सांगितलं, "लखनऊहून गया एका रात्रीवर आहे." त्यावर ती ट्रंक भरायला उठली.

आल्यापासून दर हिवाळ्यात ती बाबांना गयेला न्यायला सांगायची, आणि दर हिवाळ्यात बाबांचं एखादं रोपटं नेमकं तेव्हाच फुलायला यायचं. इतक्या वर्षांत ती हिंदी शिकली नाही. सब्जीवाल्याशी ती मराठीतून भांडायची, तो हिंदीतून भांडायचा, आणि भाव दोघांना पटेल असाच ठरायचा. मी उलट, जन्माची लखनऊची. मराठी सगळी कळायची पण तोंडातून हिंदीच निघायची. "कार्टे, माणसासारखं बोल," असं आत्याआजी म्हणायची, आणि मी म्हणायची, "बोल तो रही हूँ."

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी आईनं मला दूध घ्यायला फाटकाशी पाठवलं. दूधवाले भैया बाराबंकीकडच्या एका गावाहून सायकलवर कॅन लटकवून यायचे. त्या दिवशी त्यांच्या शेजारी एक साठीचे गृहस्थ उभे होते. तपकिरी कोट, टाय, डोक्यावर फेल्टची हॅट. मागे रिक्षात तीन सुटकेसी. आणि हे दोघे नुकत्याच व्यालेल्या म्हशीबद्दल बोलत होते, रेडा झाला की पारडी.

"पड़वा बियानी कि पड़िया?" हॅटवाल्यांनी विचारलं.

"पड़िया, चाचा."

"तब तो भाग खुल गवा."

मला बघून भैयांनी माप खाली ठेवलं. "बिटिया, चाचा आए हैं। आपके गाँव के।"

"हमारे गाँव के? हमारा गाँव तो कोंकण में है।"

"काहे का कोंकण," भैया म्हणाले. "बोली नहीं सुन रही हैं? ये तो हमारे उधर के हैं।"

गृहस्थांनी हॅट काढली. माझं नाव विचारलं, बाबांचं नाव बरोबर सांगितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बेटी, हम तोहार दादा लागित है. जहाज के पार से आए हैं."

आईनं त्यांना बैठकीत बसवलं आणि पाणी दिलं. मग एकेक गोष्ट कळत गेली. ते थेट कोकणात आमच्या गावी गेले होते. आमच्या घराच्या जागी आता शाळा आहे. तिथल्या पोस्टमास्तरांनी बाबांचा लखनऊचा पत्ता दिला. त्यांनी तार केली आणि गाडीत बसले. ती तार आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आली. बाबांनी सही करून घेतली आणि शिष्टाचार म्हणून त्यांनाच दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि मजकूर बरोबर आहे असं सांगितलं.

हे गृहस्थ गयेच्या काकांचे चिरंजीव होते.

आई मला म्हणाली, "जा, आत्याआजीला सांग. हळू सांग."

आत्याआजी देवापाशी वाती वळत बसली होती. मी तिला हळूच सांगितलं. तिनं वात पूर्ण वळली आणि मग म्हणाली, "काकांना मुलगा कसा असेल? ते विरक्त होते."

"पर आए हैं तो."

ती पदर सावरून बाहेर आली. पाहुणे उठून उभे राहिले, वाकून तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "दीदी." आत्याआजीनं त्यांच्याभोवती एक अर्धी फेरी मारली, बाजूनं बघितलं, मागून बघितलं.

"कान आमचेच आहेत," ती शेवटी म्हणाली. "बसायला सांग त्याला. थेट गयेहून आला का?"

मी हिंदीतून विचारलं. ते म्हणाले, "हाँ हाँ, दीदी, गयाना से."

"गया ना, तेच म्हणत्ये मी."

इथून पुढे तासभर दोघांच्या फार सुंदर गप्पा झाल्या. मी मध्ये वेताच्या मोढ्यावर बसून इकडचं तिकडे करत होते. आत्याआजीनं विचारलं, काका राहत होते तिथून नदी जवळ होती का?

"एकदम सामने," पाहुणे म्हणाले.

"पाणी असतं का तिला? म्हणतात वाळू उकरली तरच लागतं."

"पानी? अरे बाप रे! वा मा तो जहाज चलत है."

आत्याआजीनं माझ्याकडे पाहिलं. फल्गू नदीत जहाज? पण पुण्यक्षेत्राबद्दल शंका घ्यायची तिची पद्धत नव्हती. "चातुर्मासात चालत असेल," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, गाव मोठा आहे का, काय पिकतं. पाहुणे म्हणाले ऊस, जिकडे बघाल तिकडे ऊस. हे तिला पटलं, कारण लखनऊच्या आजूबाजूलाही ऊसच होता. त्यांनी सुटकेसमधून एक गोल डबा काढला. त्यात काळसर, ओलसर, मनुकांनी भरलेला केक होता, त्यांच्या बायकोनं केलेला. तो रममध्ये महिनाभर मुरवलेला असतो हे आम्हाला नंतर कळलं. आत्याआजीनं तो गयेचा प्रसाद म्हणून डोळ्यांना लावला, दोन तुकडे खाल्ले आणि दुपारी इतकी गाढ झोपली की आईनं दोनदा जाऊन तिचा श्वास पाहिला.

त्याआधी जेवणं झाली. आईनं पानं घेतली. पाहुण्यांनी हात जोडले, डोळे मिटले, मान खाली घातली. आम्ही थांबलो. ते अगदी भावपूर्ण, घोगऱ्या आवाजात म्हणू लागले:

"एक दीड़ दीड़. दोन दीड़ तीन. तीन दीड़ साड़ेचार. चार दीड़ सहा..."

आईच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. पाहुणे सहा दीड नऊपर्यंत आले आणि अडखळले.

"सात दीड साडेदहा," आत्याआजी म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. ते ओले झाले होते. "दीदी, आपको आवत है!"

"न यायला काय झालं? वडिलांनी छडी मारून पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

पुढचं दोघांनी मिळून म्हटलं, दहा दीड पंधरापर्यंत. शेवटी पाहुण्यांनी "आमेन" म्हटलं. आत्याआजीला वाटलं हे 'आणीन' म्हणताहेत, म्हणून ती म्हणाली, "तू बस रे, ती वाढतेय."

संध्याकाळी बाबा संस्थेतून आले. आईनं त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. बाबा शास्त्रज्ञ. त्यांनी बूट काढले, पाहुण्यांना नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नदीचं नाव काय म्हणालात?"

"डेमेरारा."

बाबांनी मला माझा शाळेतला ॲटलस आणायला सांगितलं. त्यांनी तो आत्याआजीच्या मांडीवर उघडला, कोकणावर बोट ठेवलं आणि ते बोट समुद्रावरून पश्चिमेला सरकवत सरकवत आफ्रिकेखालून नेऊन, आणखी एक समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या माथ्यावर आणून टेकवलं.

"आत्या, गया नाही. गयाना. हा एक देश आहे."

आत्याआजीनं बाबांचं बोट बाजूला करून खाली बघितलं. मग तिनं विचारलं, "तिथे श्राद्ध करतात का?"

बाबांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुण्यांनी हॅट गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मी भाषांतर करत गेले, पण खरं तर आत्याआजीला आता बरंचसं आपलं आपणच कळत होतं.

काकांना इंग्रजी शिकायचं होतं म्हणून ते मिशनच्या शाळेत जायला लागले. तिथला गोरा पाद्री बाजाराच्या दिवशी पिंपळाखाली उभा राहून मराठीतून उपदेश करायचा. त्याचं मराठी असं की लोकांना वाटायचं साहेब इंग्रजीच बोलतोय. तेव्हा त्यानं काकांना शेजारी उभं केलं. साहेब एक वाक्य बोलणार, काका ते नीट मराठीत सांगणार. काकांच्या अंगात कीर्तनकाराची कला होती. उडाऊ मुलगा बापाकडे परत येतो ती गोष्ट ते अशी रंगवायचे की बायका पदरानं डोळे पुसायच्या. बाजाराला आलेली माणसं भाजी घेण्याआधी काकांना ऐकायला थांबायची. ऐकायची, रडायची आणि घरी जायची. बाटलं कोणीच नाही. अशी दोनएक वर्षं गेली.

"एक दिन," पाहुणे म्हणाले, "हमार बाप खुदै सुनाय सुनाय के रोय दिहिन. सोचिन, एतना बार कहा, कोऊ न माना. अब जे कहत है, कम से कम ऊ तो मानै."

आणि त्यांनी मानलं.

साहेब हादरलाच. आता बाजारात गर्दी जमेना. बाटलेल्या माणसाचं कीर्तन ऐकायला कोण थांबणार? शिवाय गावात दंगा होईल अशी चिन्हं होती. तेव्हा मिशननं काकांना जहाजात बसवून गयानाला पाठवलं. तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी मजूर होते, आणि हिंदुस्थानी माणसाला हिंदुस्थानी भाषेत उपदेश करायला हिंदुस्थानी माणूस हवा, असा हिशेब. मजूर सगळे अवध आणि भोजपूरकडचे. काकांना हिंदीचा गंध नाही. त्यांनी कित्येक महिने मराठीतून उपदेश केला. मजुरांना वाटलं हे संस्कृत आहे. एवढा मोठा पंडित आपल्यासाठी समुद्र ओलांडून आला म्हणून ते हात जोडून बसायचे, नारळ ठेवायचे, पाया पडायचे. मळ्याच्या मॅनेजरनं वर कळवलं की काम झपाट्यानं चाललंय.

मग एका रविवारी बाराबंकीकडची एक मुलगी भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, ई कब खतम होई? रोटी सेंके का है."

काकांना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. ते तिच्याकडूनच बोलायला शिकले, आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं. ती या पाहुण्यांची आई. म्हणजे दूधवाले भैया खरंच बोलले होते. आम्ही वीस वर्षं लखनऊत राहून उपरे होतो आणि हे आजच आलेले गृहस्थ इथले होते.

काका वारले कधी, असं आत्याआजीनं विचारलं. पाहुणे म्हणाले, तीस वर्षं झाली. म्हातारे होऊन, नातवंडं बघून, झोपेत गेले.

आत्याआजी उठली. "सगळ्यांनी आंघोळी करा," ती म्हणाली.

"आत्ता?" आई म्हणाली. बाहेर थंडी पडली होती.

"मृत्यू आज कानावर आला. सुतक फिटायला स्नान हवंच."

बाबांनी तीस वर्षांपूर्वीचं सुतक कसं लागेल यावर काही बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना पहिलं न्हाणीघरात जावं लागलं. मग आई, मग मी. पाहुणे म्हणाले, ते तर मुलगा, आणि त्यांनी स्वतः बापाला माती दिली, त्यांचं सगळं तेव्हाच झालंय. आत्याआजीनं त्यांच्या हातात टॉवेल दिला. चर्चमध्ये वडीलधाऱ्यांच्या बाकावर बसणारा तो माणूस स्वतःच्या बापाच्या बातमीची आंघोळ करून, कुडकुडत, ओल्या केसांवर पुन्हा हॅट घालून बाहेर आला.

रात्री जेवताना त्यांनी पुन्हा हात जोडले. यावेळी बाबांना राहवलं नाही. आईनं पायानं खूण केली तरी ते म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता ती प्रार्थना नाही. दीडचा पाढा आहे तो."

पाहुण्यांना आधी समजलं नाही. बाबांनी कागद घेतला आणि लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी चार पिढ्या हे म्हणताहेत. त्यांचे वडील रोज संध्याकाळी पायरीवर बसून, डोळे मिटून हेच म्हणायचे. काय म्हणता असं मुलांनी विचारलं तर म्हणायचे, हे माझ्या घरचं आहे. तेव्हा मुलांनी ते पाठ केलं. लग्नात म्हटलं, मातीच्या वेळी म्हटलं. त्यांच्या पाद्रीसाहेबांना तर ते इतकं आवडायचं की नाताळात ते मुद्दाम म्हणायला लावायचे.

"और हम," पाहुणे म्हणाले, "तीस बरस अरिथमेटिक पढ़ाए हैं." ते स्वतःच हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला आणि आईनं पाठीवर हात फिरवला. हसून झाल्यावर त्यांनी पुन्हा हात जोडले आणि पाढा पहिल्यापासून म्हटला. "बाप जौन दिहिन, तौन दिहिन," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्याआजीनं देवपूजा केली नाही. तिनं चहा मागितला, जो ती त्या वेळेला कधीच घ्यायची नाही, आणि अंगणात उन्हात बसून राहिली. बाबा तिच्याजवळ जाऊन बसले. मीही बसले. बाबा म्हणाले, "आजोबांना मिशनच्या शिपायानं येऊन सांगितलं असणार, गयानाला गेला म्हणून. त्यांनी गया ऐकलं. गैरसमज झाला, आत्या."

"माझ्या वडिलांचे कान मरेपर्यंत शाबूत होते," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं सांगितलं की गावातलं कोणीही गयेला जायला निघालं की तिचे वडील पंचांग काढून बसायचे. यंदा योग नाही, पुढच्या वर्षी ग्रह वाईट, त्याच्या पुढच्या वर्षी अधिकमास. माणूस थकून काशीलाच जाऊन यायचा. त्यांच्या हयातीत त्या गावातून एकही माणूस गयेला जाऊ शकला नाही. तेव्हा तिला वाटायचं, वडील किती बारकाईनं मुहूर्त बघतात.

"कुणी तिथे जाऊन चौकशी केली असती ना," ती म्हणाली. मग चहाचा कप खाली ठेवून, "एकदा मला म्हणाले होते, तुझा काका माझ्यापेक्षा चांगला बोलायचा. मला वाटलं, अभिमानानं म्हणताहेत. पण तेव्हा त्यांनी जेवण टाकलं होतं."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "जाने दो ना, आत्याआजी."

"जाने दो काय?" ती एकदम ताठ झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून हिंदी शब्द आला. "अगं, म्हणजे सात पिढ्यांचं श्राद्ध झालंच नाही! ऐंशी वर्षं आम्ही पितृपक्षात वरणभात खातोय!"

आणि तिनं ठरवून टाकलं. काका ज्या कामाला गेले असं घराण्यानं जगाला सांगितलं, ते काम आता त्यांच्या मुलानं पुरं करायचं.

बाबांनी समजावलं की ते ख्रिस्ती आहेत, असं कसं सांगायचं त्यांना. आईनं समजावलं. शेवटी आत्याआजीनं मला हाताला धरून पाहुण्यांसमोर नेलं आणि म्हणाली, "विचार त्याला."

पाहुण्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाप के नाम पे काम बाकी है, तो बेटा करी. यीशु बुरा न मानिहैं. ऊ खुदै बाप का कहा मानत रहे."

आम्ही चौघे गयेला गेलो. बाबा, आत्याआजी, पाहुणे आणि दुभाषी म्हणून मी. बाबांचं एक रोप त्याच आठवड्यात फुलणार होतं, पण ते त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत. फल्गूला वाळूच वाळू होती. आत्याआजीनं ती बघितली आणि पाहुण्यांना कोपरानं ढोसून म्हणाली, "हे बघ, अशी असते." बाबांनी पाहुण्यांना बजावलं होतं की धर्माचं काही बोलू नका. ते बरं म्हणाले होते. कोट काढून, धोतर नेसून, हॅट मात्र डोक्यावर ठेवून ते बसले. गुरुजींनी हॅटकडे पाहिलं आणि गोत्र विचारलं.

"प्रेस्बिटेरियन," पाहुणे म्हणाले.

"काश्यप," बाबा घाईनं म्हणाले.

गुरुजींनी दोन्ही ऐकलं आणि काश्यप घेतलं. मग विचारलं, "पिताजी कहाँ शांत हुए?"

"गयाना मा."

गुरुजींनी हातातला पिंड खाली ठेवला. "गया ना? फिर मुझसे क्या करवा रहे हैं? जो गया में शांत हुआ, वह तो तर गया."

"गया नाही! गयाना! समुद्रापलीकडे!" आत्याआजी मागून ओरडली.

"माताजी भी वही कह रही हैं," गुरुजी बाबांना म्हणाले.

बाबांनी वाळूत बोटानं जगाचा नकाशा काढला. शेजारी बसलेले दोन यजमान आपापले पिंड हातात घेऊन बघायला आले. गुरुजींनी नकाशा नीट न्याहाळला आणि म्हणाले, मधे दोन समुद्र आहेत म्हणजे विधी थोडा लांबेल. पण झालं सगळं. सात पिढ्यांची नावं आत्याआजीनं एका दमात सांगितली. शेवटी तिनं स्वतःच्या वडिलांचं नाव घेतलं आणि लगेच पुढे काकांचं.

गुरुजी म्हणाले, "अब आँख बंद करके पितरों का स्मरण कीजिए."

पाहुण्यांनी डोळे मिटले. ते हळू आवाजात म्हणू लागले, "एक दीड़ दीड़. दोन दीड़ तीन..." गुरुजी थांबले. आत्याआजीनंही त्यांच्या बरोबरीनं म्हटलं. दहा दीड पंधरा झाल्यावर गुरुजींनी आदरानं विचारलं, "यह कौन-सी शाखा का पाठ है?"

आत्याआजीला प्रश्न समजला. ती म्हणाली, "आमच्याकडची आहे." मी भाषांतर केलं.

पाहुणे महिनाभर आमच्याकडे राहिले. दूधवाले भैया त्यांना सायकलच्या दांडीवर बसवून आपल्या गावी नेऊन आले. तिथे त्यांच्या आईचं गाव सापडलं नाही, पण दोन गावांनी ते आमचंच म्हणून भांडण केलं आणि दोन्हीकडे त्यांना जेवायला घातलं. चारबाग स्टेशनवर निघताना त्यांनी आत्याआजीला मिठी मारली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणा पुरुषानं असं केलं असावं. ती हात अंगाशी घट्ट धरून, डोळे मिटून उभी राहिली, सुई टोचून घेताना लोक राहतात तशी.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण आत्याआजी म्हणाली, गावाला खरं कळलं पाहिजे. तिनं बाबांना बसवून कोकणातल्या भाऊबंदांना सगळं सविस्तर लिहायला लावलं: काका गयेला गेलेच नव्हते, ते ख्रिस्ती झाले होते, दूरदेशी सुखानं नांदले, आणि राहिलेलं श्राद्ध आम्ही आता करून आलो.

कोणाचाच विश्वास बसला नाही. गयेच्या काकांबद्दल असं अभद्र कोण बोलेल? पुण्यवान माणसाला बाटवणारे हे लोक स्वतःच बाटलेले असणार, असा गावात निष्कर्ष निघाला. लखनऊला त्यांच्याकडे एक हॅटवाला पाद्री महिनाभर राहून गेला, हेही कुठून तरी तिकडे पोचलं. आमची लग्नाची आमंत्रणं बंद झाली. गावात काकांच्या नावानं निघणारा पहिला विडा मात्र चालू राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांचे एक चुलतभाऊ खात्री करून घ्यायला लखनऊला आले. प्रवासानं घामाघूम झाले होते. आईनं सरबत दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. देवघरात डोकावले. देव होते. फ्रीज उघडून बघितला. त्यात बाबांच्या संस्थेतल्या बियांच्या पुड्या होत्या, त्या त्यांना संशयास्पद वाटल्या. शेवटी ते आत्याआजीसमोर येऊन बसले.

"आत्या, मला खरं सांगा," ते म्हणाले. "तुम्ही बाटलात का?"

आत्याआजी गहू निवडत होती. तिनं दोन खडे बाजूला टाकले.

"अजून नाही," ती म्हणाली. "विचार चाललाय."

चुलतभाऊ मुक्काम करणार होते, पण त्याच संध्याकाळी निघाले. बाबा त्यांना स्कूटरवरून चारबागला सोडायला गेले. आमच्याकडे पाण्याचा थेंबही न घेतलेला तो माणूस प्लॅटफॉर्मवर तीन पत्रावळी पूरी-सब्जी खाऊन गेला, असं बाबांनी आल्यावर सांगितलं. गाडी दीड तास उशिरा आली. तोवर दोघे भाऊ बाकावर बसून आंब्याच्या कलमांबद्दल बोलत होते, आणि कोकणातल्या हापूसला लखनऊची दशेहरी कधीही भारी, यावरून त्यांचं चांगलंच वाजलं.